खिडकी झाकणार नाही असा टीव्ही

दादा,

तू गाढ झोपला होतास म्हणून उठवलं नाही. सकाळी टीव्ही लावायला माणसं येतील. तू सांगितलेला पासष्ट इंची घेतला नाही, त्रेचाळीस इंची घेतलाय. चिडू नकोस. मोठा टीव्ही बाबांच्या खोलीत खिडकीसमोरच मावत होता, आणि दिवसभर त्यांच्या उशाशी बसून मला बाहेरचं जे काही दिसतं ते त्या खिडकीतूनच.

"घरबसल्या सिनेमे बघ, गेम खेळ, कंटाळा येणार नाही," असं तू म्हणालास. मायेनंच म्हणालास, कळतं मला. पण काल दुकानात चित्र किती स्वच्छ दिसतं ते दाखवायला सेल्समनने गाडीचा गेम लावला आणि कंट्रोलर माझ्या हातात दिला. समुद्राकाठचा रस्ता होता. वळवीन तिकडे गाडी वळत होती. मागची गिऱ्हाइकं खोळंबली तरी माझ्याने तो खाली ठेववेना. "ताई, घरी कोण खेळणार?" त्याने विचारलं. "भाऊ," म्हटलं मी.

बाबांना भरवताना मान उचलून धर, नाहीतर ठसका लागतो. मधूनमधून कूस बदलून दे. माझी चौकशी केली तर बाजारात गेलेय म्हण. खरं म्हणजे स्टँडवर जी बस उभी असेल तिच्यात बसणार आहे.

फोन मुद्दाम घरी ठेवलाय. अंधार पडायच्या आत येते. न येऊन जाणार कुठे?

– धाकटी