कुशाबाचं गाऱ्हाणं आणि आक्काची अट

कॉटन ग्रीन, मुंबई
१२ फेब्रुवारी, गुरुवार

ती. मार्थाआक्का हीस,

धाकट्या शांतवनचा प्रभूमध्ये सलाम. आम्ही दोघं इकडे त्याच्या कृपेनं आणि रक्तदाबाच्या गोळीनं ठीक आहोत. तुझ्या तब्येतीची चौकशी करायला मी भितो, कारण फोनवर ती केली की तू ‘लाइन खराब आहे’ म्हणून फोन ठेवतेस. (संगमनेरची लाइन नेमकी ‘ऑपरेशन’ या शब्दालाच कशी खराब होते, हे मी इथल्या मोबाइलच्या दुकानात विचारून आलो. त्यांनाही सांगता आलं नाही.) म्हणून पत्र लिहितोय. चाळीस वर्षं बायबलबाई म्हणून वाड्यावस्त्या पालथ्या घातलेली तू, आलेलं पत्र मधेच टाकून द्यायची नाहीस एवढं मला ठाऊक आहे.

तर आधी तुझ्या अटीचं बोलू. डॉक्टरांनी काळजाची झडप बदलायला सांगून दहा महिने झाले. परळच्या हॉस्पिटलात सगळी सोय होते, आमच्या खोलीपासून टॅक्सीनं पंधरा मिनिटं, हे सांगून माझं तोंड दुखलं. तेव्हा ऑगस्टमध्ये तू म्हणालीस, शांतवन, तीस वर्षं त्या चाळीत राहतोस, एका शेजाऱ्याला तरी प्रभूबद्दल सांगितलंस का? ज्या दिवशी सांगशील त्या दिवशी मी ऑपरेशनला येईन. मी मनात म्हटलं, झालं, आक्का काही येत नाही. कारण मी पोस्टात आयुष्यभर दुसऱ्यांचे निरोप पोचवले, पण स्वतःचा निरोप सांगायचा म्हटला की माझी जीभ टाळ्याला चिकटते, हे तुला माझ्या लहानपणापासून माहीत आहे. तरी मी मनावर घेतलं. त्याचाच हा अहवाल.

पहिली गोष्ट, मी रीतसर शिक्षण घेतलं. आमच्या चर्चमध्ये परदेशातून एक पाहुणे आले होते, भला माणूस, घामानं नुसता निथळत होता. त्यांनी तीन शनिवार वर्ग घेतला आणि शेवटी एक पुस्तिका दिली, ‘आशियाई पार्श्वभूमीच्या शेजाऱ्यांना विश्वास सांगताना’. मराठीत भाषांतर केलेली. मला आधी वाटलं, हे आशियाई शेजारी म्हणजे कोण बुवा? जपानी वगैरे? मग चित्रात एक लुंगीवाला आणि कपाळाला टिकली लावलेली बाई दिसली, तेव्हा कळलं की हे आपलेच शेजारचे कुशाबा आणि त्याची बायको शेवंती. (मग मी स्वतः कोण, असा प्रश्न मी वर्गात विचारला. पाहुणे हसले, पाळकसाहेब हसले नाहीत.)

कुशाबाला तू विसरली नसशील. भिंतीला भिंत लावून राहतो, मूळचा मालवणकडचा, मिल बंद पडल्यावर रे रोडच्या लाकडाच्या वखारीत लागला, आता घरीच असतो. दहा वर्षांपूर्वी तू आली होतीस तेव्हा त्याची तंबाखूची पुडी तू त्याच्याच खिडकीतून खाली फेकली होतीस. तेव्हापासून तो तुला ‘मोठी बाय’ म्हणतो आणि तुझं नाव निघालं की आधी खिसा चाचपतो.

तर मी पुस्तिका बगलेत मारून त्याच्याकडे गेलो. पान चारवर लिहिलंय, आशियाई माणसाच्या घरात शिरताना चपला बाहेर काढाव्यात. आक्का, माझ्या चपला गेली तीस वर्षं अर्धा वेळ त्याच्याच दाराबाहेर असतात, तुझी भावजय मला हाक मारण्याआधी तिथे बघते. पान सात, खायला दिलं तर नाही म्हणू नये. शेवंतीवहिनीनं घावणे आणि बांगड्याचं तिखलं दिलं. हे पान मी चार वेळा पाळलं. पान नऊ, आशियाई माणूस थेट नकार देत नाही. (हे ज्यानं लिहिलं तो कुशाबाला भेटलेला नाही.) पान अकरा मात्र महागात पडलं. त्यात लिहिलंय, आधी त्यांची कहाणी मन लावून ऐका. मी म्हटलं, कुशाबा, तुझं काहीतरी सांग. तीन संध्याकाळी गेल्या. संप झाला, चुलत्यानं बळकावलेली फणसाची झाडं झाली, देवळाचा कौल झाला, आणि तिसऱ्या दिवशी उठताना मी त्याच्या गावच्या जत्रेला यायचं कबूल करून बसलो होतो. प्रभूचं नाव माझ्या तोंडून एकदाच निघालं, तेही तिखलं घशाशी आलं तेव्हा.

मग मी समोरच्या कोंडीरामकडे मोर्चा वळवला. कोंडीराम म्हणजे छापखान्यातला मुद्रितशोधक, निवृत्त, घरात भिंतभर पुस्तकं. मी जय भीम घालून पुस्तिकाच त्याच्या हातात दिली, म्हटलं बोलण्यापेक्षा बरं. दोन दिवसांनी त्यानं ती परत आणली. लाल शाईनं भाषांतरातल्या एकोणचाळीस चुका दुरुस्त केल्या होत्या आणि मागच्या कोऱ्या पानावर सतरा प्रश्न लिहिले होते. त्यातल्या चारांची उत्तरं मला आली, सहांची पाळकसाहेबांना आली, बाकी सात आम्ही परदेशात पाठवलेत. मग तो अगदी गोडीनं म्हणाला, शांतवन, धर्म बदलायचं काम आमच्या घरात छप्पन साली एकदाच आणि विचार करून झालंय, माझा बाप पायी गेला होता त्यासाठी. तू मात्र येत जा, चहा तर घेऊ. मी चहा घेतला. तुझ्या आजाराचं मी त्याला तेव्हाच सांगितलं, कारण दुसरं काही बोलायला उरलं नव्हतं.

आता गेल्या रविवारचं सांगतो, नीट बसून वाच. आमच्याकडे घर-उपासना होती. पाळकसाहेब म्हणाले, प्रत्येकानं एक तरी शेजारी बोलवावा. मी कुशाबाला म्हटलं, आमच्याकडे देवाचं आहे, येशील का. त्यानं विचारलं, कोणासाठी? मी म्हटलं, आक्काच्या तब्येतीसाठी. तो आत गेला. संध्याकाळी आला तो धुतलेलं धोतर, डोक्याला टॉवेल, हातात शेंडीचा नारळ, आणि मागे मजल्यावरची त्याच्या गावची सात माणसं. खोलीत मुंगीला जागा उरली नाही. कोंडीराम दारात उभा राहिला, म्हणाला, मी फक्त ऐकतो. पाळकसाहेब नारळाकडे बघत राहिले. पुस्तिकेत नारळाचं पान नाही.

उपासना सुरू झाली. पाळकसाहेबांनी डोळे मिटून प्रार्थनेला हात घातला. ‘हे स्वर्गीय बापा, आज आम्ही तुझ्या चरणांशी जमलो आहोत,’ म्हणाले आणि श्वास घ्यायला थांबले. तेवढ्यात कुशाबानं बेंबीच्या देठापासून आवाज लावला, ‘व्हय म्हाराजा!’ आणि मागून सातही जणांनी तोच गजर केला. पाळकसाहेबांचा डोळा एकच उघडला. (तुला माहीत नसेल तर सांगतो, कोकणात देवापुढे गाऱ्हाणं घालताना एक जण मागणं मागतो आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला असा होकार भरतात. होकार भरला नाही तर ते मागणं एकट्याचं राहतं, असं कुशाबा सांगतो.) त्यांनी घसा साफ करून पुढचं वाक्य म्हटलं, पुन्हा व्हय म्हाराजा. आपल्या मंडळींचं आमेन कसं असतं ते तुला ठाऊक आहे, ओठातल्या ओठात. तिसऱ्या वाक्याला तुझी भावजय व्हय म्हाराजा म्हणाली, पाचव्याला मी. सातव्यापासून पाळकसाहेब मुद्दाम थांबायला लागले, आणि त्यांचा आवाज असा काही चढला की खालच्या मजल्यावरची माणसं वर आली.

शेवटी त्यांनी विचारलं, कोणाला काही विनंती करायचीय का. ही वेळ आपल्याकडे खाली मान घालायची असते. कुशाबा उठला. नारळ पुढे ठेवला, हात जोडले, आणि म्हणाला (हे मी आठवून जसंच्या तसं लिहितोय, प्रत्येक वाक्यामागचा गजर तू मनात भर): ‘बा येशू म्हाराजा, आज ह्या शांतवनाच्या घरात तुझी लेकरा जमली आसत. ह्येची थोरली भैण मार्था, तिकडे घाटावर तुझी चाकरी करून करून दमली. तिच्या काळजाचा दार नीट लागणा नाय. ती सगळ्यांका धीर देता, पण स्वतः भियाता, आणि कोणाक सांगणा नाय. तिच्या मनातला भ्या काढ, तिका सुखरूप मुंबयक हाड, डॉक्टराच्या हाताक यश दी. आणि काय चुकला माकला आसात, तर तां आमच्या पदरात घाल, तिच्या नको.’

आक्का, शेवटचं व्हय म्हाराजा माझ्या तोंडून निघेना. आई गेल्यावर मला पाठुंगळी मारून शाळेत नेणारी तू, विंचवाला चपलेनं मारणारी तू. तू घाबरली असशील हे दहा महिन्यांत माझ्या डोक्यातच आलं नाही. आपण सगळी विश्वास ठेवणारी माणसं, आक्काला कशाची भीती, म्हणून मोकळी. आणि ज्याची तंबाखू तू फेकलीस त्याला ते भिंतीपलीकडून कळलं. मला फार लाज वाटली आणि तुझी फार आठवण आली. मी रडलो, हेही लिहून टाकतो. दारातून व्हय म्हाराजा आलं ते कोंडीरामचं होतं. नंतर तो म्हणाला, माझा देवावर विश्वास नाही, पण शेजाऱ्याच्या मागण्याला नाही कसं म्हणू.

असो. शेवंतीवहिनीनं तुझ्यासाठी कुळथाचं पीठ दळून ठेवलंय. तब्येतीला जप, जिने चढू नकोस, औषधं वेळेवर घे.

तुझा,
शांतवन

ता. क. कोंडीरामची पुतणी प्रीती परळच्या त्या हॉस्पिटलात नर्स आहे. तिनं धावपळ करून ऑपरेशनची तारीख मिळवली आहे. सोळा मार्च, सोमवार. नऊ तारखेपर्यंत दाखल व्हायचं आहे. जुने सगळे रिपोर्ट आण, पिवळ्या पिशवीतले.

दुसरा ता. क. कुशाबानं गाऱ्हाण्याच्या शेवटी तुझ्या वतीनं नवसही बोलून टाकलाय. बरी झालीस की तू येशू महाराजाला पाच नारळांचं तोरण स्वतःच्या हातानं बांधणार. आपल्याकडे असलं काही चालत नाही, हे मी त्याला पुस्तिकेतलं पान अठरा दाखवून सांगितलं. तो म्हणाला, ता मोठ्या बायक सांगू दी, माका तुझा पटणा नाय. तेव्हा मोडायचा असेल तर तुलाच येऊन मोडावा लागेल.

तिसरा आणि शेवटचा ता. क. खरं सांगतो, आक्का, तुझी अट मी पुरी केलेली नाही. मी कोणालाच काही सांगितलं नाही. कुशाबानं फक्त एकदा विचारलं होतं, तुमचो देव करता तरी काय, आणि मला एवढंच सुचलं की तो ऐकतो. आता तो रोज सकाळी दार उघडलं की विचारतो, काय रे शांतवना, तुमच्या देवाचो काय निरोप? मी त्याला सांगून बसलोय, निरोप संगमनेरहून यायचा आहे, आठ मार्चला, सकाळच्या एसटीनं. तो दादरला उतरवून घ्यायला येतोय. खिसे रिकामे करून.