पेटी कुणी काढली?

प्रिय धाकट्या,

'प्रिय' लिहिताना हात अडला होता. पण भाऊ एकच आहेस, करणार काय! आता हे नीट वाच, मधेच चहाला उठू नकोस.

नव्या कारखान्यात तू आपल्या इथल्यासारखीच आठ यंत्रं बसवतोयस म्हणे. तुझी हुशारी मी कधीच नाकारली नाही. रंगाच्या टाकीत धातूचा दांडा बुडवायचा, तो डोळ्याला दिसणार नाही असा थरथरतो, आणि दिवसभर घोटूनही न फुटणाऱ्या गुठळ्यांचं घटकाभरात पीठ होतं. पहिल्यांदा आपण त्यात ॲल्युमिनियमची फॉइल धरली आणि बघता बघता तिची चाळण झाली, तेव्हा टाकीभोवती दोघंही वेड्यासारखे नाचलो होतो.

पण त्या यंत्राला आवाज अडवणारी जाड पेटी होती ना रे? ती कुणी काढली? तू! यंत्राची किरकिर मला ऐकू यावी म्हणून! दांड्याचं टोक झिजलं की ती बदलते, आणि ते मला सगळ्यांआधी कळायचं. ताईचे कान असताना मीटर कशाला, असं तू येईल त्या पाहुण्याला सांगत सुटलास, आणि मी बावळट फुलून जायची. कानात बोळे घालू का विचारलं, तर हसलास. जो आवाज माणसाला ऐकूच येत नाही, तो कानाचं काय वाकडं करणार म्हणे! मग ती किरकिर काय मला नाकाने ऐकू यायची? दीडशहाणा कुठला! तू बढती घेऊन गेलास, मी मात्र तिथेच उभी राहिले, वर्षानुवर्षं. पेटी कोपऱ्यात पडून आहे, आम्ही तिच्यावर जेवणाचे डबे ठेवतो.

ताई चिडली की अशीच बोलते, म्हणशील. हो, चिडलेय! बारीक आवाज गेले ते गेले, परत येणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलंय. कानात एक शिट्टी तेवढी उरलीय, ती झोपेतही थांबत नाही. तुझ्या आठही यंत्रांना आधी पेट्या बसव. त्याआधी बटण दाबलंस, तर माझ्याशी गाठ आहे.

आणि हे फोनवर का नाही सांगितलं, म्हणून विचारू नकोस. रविवारी तू चिमणीला फोन दिलास. पोरगी पहिल्यांदाच 'आत्या' म्हणाली, तीनदा म्हणाली, असं तुझ्या बायकोने मागाहून लिहून कळवलं. मी आपली हो बाळा, हो बाळा करत होते. मला काहीच ऐकू आलं नाही रे.

तुझीच, अजून तरी,
ताई