खरवडलेलं शहर

४ मार्च
पोचलो एकदाचा. खोली झकास आहे. उत्तरेचा उजेड, रुंद टेबल, खाली जुन्या चित्रांचं दुकान. मालकीणबाईंना सगळे आक्का म्हणतात. त्यांच्या दिवंगत यजमानांनी जन्मभर शहरांची चित्रं जमवली. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली, टेबलाएवढी लांब. नदी, मनोरे, छपरं, सगळं टेकडीवरून पाहिल्यासारखं. ती साफ करायला मला बोलावलंय, कारण इथे कागद कशाशी खातात हेही कुणाला ठाऊक नाही.

६ मार्च
सगळ्यात मोठं चित्र याच गावाचं. डबक्याला समुद्र समजायची हौस जुनीच दिसते. कोरणारा कसबी होता, पण नंतर कुणीतरी शाईने घरं घुसडलीत. आक्का म्हणाल्या, "ती ह्यांनी काढलीत. गावात नवं घर झालं की काढायचे. तेवढ्यांना हात लावू नका." मी मान डोलावली. हौशी माणसाचे डाग जपायला मी काय त्यांचा जावई आहे?

जावई समोरच राहतो. दिवसभर ट्रम्पेट फुंकतो, म्हणून मी त्याला भोंगा म्हणतो. बायको, म्हणजे आक्कांची लेक, गरोदर आहे. भोंग्याची पुढची पिढी.

९ मार्च
पुलाजवळचं शाईचं घर पात्याने खरवडलं. सफाईदार काम. संध्याकाळी तिथल्या शिंप्याकडे कोट आणायला गेलो, तर घरच नाही. गवत. पलीकडचा पानवाला म्हणाला, इथे कधीच घर नव्हतं. या गावाची स्मरणशक्तीही गावासारखीच, तोकडी. कोट गेला तो गेलाच.

११ मार्च
भोंगा पहाटेपासून सुरू. वैतागून चित्रातलं त्याचंही शाईचं घर खरवडलं. खरं सांगायचं तर तसं काही होईल यावर विश्वास नव्हता. गंमत म्हणून.

आवाज मध्येच तुटला. समोर मोकळी जागा.

दुपारी छान झोप लागली.

१२ मार्च
आक्का सकाळपासून बाळाचे मोजे विणतायत. कुणासाठी, विचारलं. सुया थांबल्या. मोजा उलटासुलटा करून पाहिला. मग म्हणाल्या, "काय की हो. मला कुठे मूलबाळ आहे."

आणि पुन्हा विणायला लागल्या.

जेवण गेलं नाही.

१३ मार्च
घर परत काढलं. त्यात काय मोठंसं, त्या म्हाताऱ्याला जमायचं ते मला जमणार नाही? पण मी चित्रं पुसणारा माणूस. रेघ थरथरते. छप्पर कललं, खिडक्या म्हणजे नुसते ठिपके.

समोर घर आलंय. कललेलं. खिडक्या ठिपक्यांएवढ्या.

आतून ट्रम्पेट. एकच सूर. थांबतच नाही — श्वास घ्यायलासुद्धा.

१४ मार्च
दार काढायचं राहिलं होतं. आतून भिंतीवर थापा मारतायत. पुन्हा खरवडायला गेलो, तर कागद फाटायला लागला — फाट पुढे गेली तर तिथे पूल आहे, बाजार आहे —

हात लावला नाही.

१५ मार्च
दार काढलं. दारात दोघं काढली. घाईत. चार रेघा त्याला, चार तिला, पोटाला एक गोल.

सूर थांबला.

दार उघडलं. रस्ता ओलांडतायत. चालणं — गुडघे नाहीत —

आक्का खालून हाक मारतायत, अहो, बघा, माझी लेक आली. आनंदाने रडतायत. तिला म्हणतायत, वर जा, पाहुण्यांना भेट.

जिन्यावर आहेत.

मी तिला तोंड काढलंच न