गहाण ठेवलेला चंबू

आई, गेल्या आठवड्यात मी व्हाइटफील्डमधल्या एका मोठ्या कंपनीच्या साहेबाचा कॉफीचा कप उचलून आणला. चोरून नाही, त्याच्या डोळ्यांदेखत. बुडणाऱ्यांना बाहेर काढणाऱ्या आपल्या पथकाला रबरी बोट हवी आहे आणि तो तीन महिने मला ‘बघतो आंटी, ईमेल टाका’ म्हणून वाटेला लावत होता. कपावर त्याच्या मुलीचा फोटो छापलेला होता. मी तो पर्समध्ये टाकला आणि म्हटलं, “बोट आली की परत.” तो आधी हसला, नंतर गोंधळला आणि चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. बोट पुढच्या आठवड्यात येतेय. फोन ठेवल्यावर वाटलं, हे ऐकायला तू हवी होतीस. म्हणून लिहायला बसले. तू असताना आपण एकाच घरात राहिलो, त्यामुळे तुला पत्र लिहायची वेळच कधी आली नव्हती.

मल्लेश्वरममधल्या आपल्या भाड्याच्या घरात गल्लीला हवीशी वाटणारी एकच वस्तू होती, तुझी पाताळगरडी. लोखंडाचं कडं आणि त्याला लोंबणारे दहा-बारा आकडे. कुणाची घागर विहिरीत पडली की ही दोरीला बांधून खाली सोडायची आणि तळ चाचपत बसायचं. विहिरी घरोघरी होत्या, गरडी मात्र आपलीच. नेताना सगळे गोड बोलायचे, परत आणायचं कुणी नाव घ्यायचं नाही. म्हणून इथल्या रिवाजाप्रमाणे तू गरडी देण्याआधी त्यांच्या घरचं एक भांडं गहाण ठेवून घ्यायचीस. समोरच्या वकिलीणबाई एकदा फणकाऱ्याने म्हणाल्या, “आमच्यावर एवढा विश्वास नाही होय?” तू भांडं फळीवर ठेवत म्हणालीस, “तुमच्यावर आहे हो बाई. तुमच्या आठवणीवर नाही.” त्या दोन दिवस तुझ्याशी बोलल्या नाहीत, पण गरडी त्याच संध्याकाळी परत आली.

अण्णांचं पथक तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. पथक म्हणजे काय, अण्णा आणि त्यांच्या कारखान्यातले सात-आठ मित्र, सगळे पट्टीचे पोहणारे. आपल्या भागातल्या तलावात एक जण बुडाला तेव्हा चाळीस माणसं बांधावर उभी राहून बघत होती, हे अण्णांनी स्वतः पाहिलं होतं. तेव्हापासून कुठे कुणी विहिरीत, तलावात, खाणीत पडलं की लोक अण्णांना बोलवायला यायचे आणि अण्णा सायकल काढायचे. उतरायचे मात्र आपल्याच विहिरीच्या काथ्याच्या दोराने. एका रविवारी तो दोर अर्ध्यावर तुटला. अण्णा कसेबसे कपारीला धरून वर आले ते दोन्ही तळहात सोललेले घेऊन. तू हळद लावत होतीस. मी उंबऱ्यात उभी होते. “नवा दोर येईपर्यंत तुम्ही उतरायचं नाही,” तू म्हणालीस. अण्णा म्हणाले, “आणि कुणी पडलं तर त्याला काय सांगू, स्वल्प थांब म्हणून?” पावसाला दीड महिना होता. पावसात खाणी भरतात आणि बोलावणी वाढतात, हे आपल्या तिघांनाही ठाऊक होतं. मी त्या दिवशी पहिल्यांदा घाबरले. आपले वडील एखाद्या दिवशी परत येणार नाहीत, हे तोवर माझ्या मनात कधी आलंच नव्हतं.

मी एकोणीस वर्षांची, कॉलेजात वादविवादाचं बक्षीस मिळवलेली. मला वाटलं, चार दिवसांत दोराचे पैसे उभे करते. पत्र्याचा डबा घेऊन घरोघर गेले आणि प्रत्येक दारात भाषण केलं. लोकांनी ऐकूनही घेतलं. एक आजोबा म्हणाले, “पुण्याचं काम आहे, पण आमच्याकडे कुणी पडत नाही.” वकिलीणबाईंनी तर “तिन्हीसांजेला काय अभद्र बोलतेस गं” म्हणून दारच लावलं. आठवड्याने डबा वाजवून दाखवला तेव्हा तू तांदूळ निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, “जे संकट अजून आलंच नाही, त्याला कोण पैसे देणार? उद्यापासून डबा नको. टोपली घेऊन जा आणि भांडी माग.”

मला आधी कळेना. गल्लीतल्या बायकांना मात्र लगेच कळलं, कारण रिवाज त्यांचाच होता. पथक म्हणजे सगळ्यांची मिळून एक गरडी, ती हवी तर घरचं भांडं गहाण ठेवा आणि दोराला हातभार लावून सोडवून न्या. पहिल्याच दिवशी मी एका श्रीमंत घरातून तांब्याचा मोठा हंडा उचलून आणला, घामाघूम होऊन, मोठ्या दिमाखात. तू इतकी चिडलीस की मला रडू आलं. “हंडा आणलास? त्यांच्या घरी पाणी कशात तापणार आता? आत्ताच्या आत्ता परत देऊन ये. अडवणूक करायला नाही पाठवलं तुला. चूल बंद पडता कामा नये, पण रोज एकदा चुटपूट लागली पाहिजे, असं भांडं आण.” आणि मग तूच मला सांगितलंस काय आणायचं ते. कॉफीच्या फिल्टरचं वरचं भांडं. आई, मी आजवर मंत्र्यांच्या कचेऱ्यांत बसले, कारखानदारांशी भांडले, पण याहून हुशार युक्ती मला कुणी शिकवली नाही. बेंगळुरूचा माणूस जेवणावाचून एक दिवस काढेल, फिल्टर कॉफीवाचून दुसरी सकाळ काढणार नाही. तिसऱ्या दिवशी वकीलसाहेब स्वतः आपल्या ओट्यावर हजर. “सरी, सरी, ठीक आहे, किती द्यायचे ते घ्या, पण ते भांडं द्या बाई.” गल्ली आठवडाभर हसत होती आणि देत होती.

एक भांडं मात्र मी न मागता आलं. रस्त्याच्या कोपऱ्यावर फुलं विकणारी अक्का होती ना, जिचा नवरा येलहंक्याच्या वाटेवरच्या दगडखाणीत कामाला होता. माझ्या टोपलीत भांडी कसली म्हणून तिने विचारलं, मी सांगितलं. तिने फुलांवर पाणी शिंपडायचा आपला पितळी चंबू पुसला आणि टोपलीत ठेवला. मी नको म्हणत होते. ती म्हणाली, “आमच्याकडे तर पडतात गं.”

दोर आला. चांगला जाड, नवा, सगळं अंगण भरून टाकणारा. कप्पीही आली. पहिलं बोलावणं आलं ते कोरड्या विहिरीत पडलेल्या शेळीसाठी. “आमच्या कॉफीच्या जिवावर शेळी काढली म्हणे,” असं वकिलीणबाई सगळ्यांना सांगत सुटल्या. तू म्हणालीस, “बरं झालं. दोराची परीक्षा झाली.” नंतरच्या पावसाळ्यात अण्णा त्या दोराने किती वेळा उतरले आणि किती वेळा वर आले, ते मी मोजलं नाही. दर वेळी वर आले, एवढं मला पुरे होतं.

श्रावणात खाणीतून बोलावणं आलं. काठ ढासळून अक्काचा नवरा पाण्यात गेला होता. निरोप यायलाच दोन तास लागले होते. अण्णा तीनदा उतरले आणि तिसऱ्यांदा त्याला घेऊन वर आले, पण त्याचा जीव केव्हाच गेला होता. घरी आल्यावर अण्णा बराच वेळ दोर धूत बसले. तू त्यांच्याजवळ जाऊन बसलीस आणि दोराचं दुसरं टोक हातात घेतलंस.

गौरी बसायच्या आदल्या दिवशी तू फळीवरून तो चंबू काढलास, चिंचेने लखलखीत घासलास आणि माझ्या हातात दिलास. “हा आजच तिच्या घरी गेला पाहिजे. पैशाचा विषय काढायचा नाही. तिचं एवढं गेलंय, तिची वस्तू आपल्या घरात नको.” तुझे डोळे भरले होते. मी गेले. अक्का खोपटाबाहेर बसली होती, दोन लहानगे मुलगे मातीत खेळत होते. मी चंबू पुढे केला. तिने हात मागे घेतला. “बेडा,” म्हणाली, “नको.” मला वाटलं रागावली. मी माफी मागायला लागले तर तिने मला थांबवलं. “तुम्ही आलात ना? उशीर झाला, पण आलात. ही दोघं याच पाण्याकाठी वाढणार आहेत. मी सोडवून नेला तर तुमचं आमचं संपलं. राहू दे तुमच्याकडे. तो तुमच्याकडे असला की तुम्हांला यावंच लागेल.”

घरी सांगितलं असतं, तर तू तशीच पदर खोचून निघाली असतीस आणि तिच्या हातात चंबू कोंबून आली असतीस. तिनेही तुझ्यापुढे माघार घेतली असती, तुझ्यापुढे सगळेच घ्यायचे. सगळ्या वाटेवर मी विचार केला आणि मला तिचं पटलं. तुझं नाही पटलं. आयुष्यात पहिल्यांदा. चंबू माझ्या कपड्यांच्या ट्रंकेत गेला. तू गौरीचे मुखवटे पुसत विचारलंस, “दिलास?” मी म्हणाले, “दिला.” “काही म्हणाली?” “नाही.” तू सुस्कारा सोडलास. दोन वर्षांनी तू गेलीस आणि ते तसंच राहिलं.

अण्णांनंतर पथक माझ्याकडे आलं. वडिलांचं काम चालवते, असं लोक म्हणतात, मीही मान हलवते. अक्काचे मुलगे खाणीकाठीच मोठे झाले आणि पुढे दूर कुठेतरी कामाला गेले, आता अक्काही नाही. ती खाण बुजवून तिच्यावर इमारती उभ्या राहिल्या. बोलावणी मात्र थांबली नाहीत, आणि दर पावसाळ्यापूर्वी मी पर्स घेऊन लोकांचे कप उचलायला निघते. हे काम सोडावं असं एक-दोनदा मनात आलं होतं. दोन्ही वेळा ट्रंक उघडून बघितली आणि गुपचूप कामाला लागले.

साहेबाचा कप पुढच्या आठवड्यात परत करीन, अगदी धुऊन पुसून, तुझ्या पद्धतीने. हे पत्र टाकायला पेटी नाही, तेव्हा घडी करून चंबूतच ठेवते आहे. तू विचारलं होतंस, दिलास का म्हणून. नाही दिला, आई.