या घराला सिमेंट वर्ज्य

गेल्या रविवारी माझा धाकटा भाऊ मला बघायला म्हणून आला, तो रंगाऱ्याला सोबत घेऊनच. मी आत चहा गाळत होते आणि हे दोघे बाहेर टेप लावून दर्शनी भिंत मोजत होते. "ताई, नंतर धावपळ नको, म्हणून आत्ताच अंदाज घेतोय," तो म्हणाला. कशाच्या नंतर, ते मी विचारले नाही. मात्र दुसऱ्याच दिवशी हे मृत्युपत्र लिहायला बसले.

माझे वय एक्क्याऐंशी. मी पदवीधर, निवृत्त मुख्याध्यापिका आणि पूर्ण शुद्धीत आहे. डॉक्टरांनी तसा दाखला देताना तारीख चुकवली, ती मीच दुरुस्त करून घेतली. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तो आणू शकणारी माणसे केव्हाच गेली.

१. व्हिक्टोरिया राणीच्या काळातले, लाल विटांचे, दुमजली, स्वकष्टार्जित असे हे घर मी वरील भावाच्या मुलाला, म्हणजे माझ्या भाच्याला देते. भुवया उंचावतील, हे ठाऊक आहे. सहा वर्षांपूर्वी मांडीचे हाड मोडून मी इस्पितळात पडले असताना याच दिवट्याने, आत्याला खूश करायचे म्हणून, मागच्या भिंतीतला जुना चुना खरवडून सांध्यांत सिमेंट भरले. या मऊ विटांतली ओल चुन्याच्या वाटेने बाहेर पडते. ती वाट बंद झाली आणि दोन हिवाळ्यांत विटांचे पापुद्रे सुटले. आत्या मला एका शब्दाने बोलली नाही, असे तो सगळ्यांना सांगतो. खोटे आहे. मी पुष्कळ बोलले.

त्यानंतर चौदा महिने, दर शनिवारी, तो छिन्नी घेऊन आला आणि त्याने एकेक सांधा मोकळा करून पुन्हा चुन्याने भरला. अर्ध्यावर असताना मी म्हटले, कंटाळलास तर भिंत पाड आणि नवी बांध.

"पाडायचीच असती तर इतके दिवस इथं बोटं कशाला सोलून घेतली असती?"

त्या दिवशी मी ठरवले. ज्याने अजून चूक केलेली नाही, त्याची ती व्हायची बाकी असते. तशा माणसाच्या हाती मी घर देणार नाही.

२. सिमेंट, गिलावा आणि ऑइलपेंट वर्ज्य. अट मोडल्यास घर जुन्या वास्तू जपणाऱ्या समितीकडे जाईल. त्यांच्या बैठका भाच्याने पाहिल्या आहेत, त्यामुळे तो अट पाळेल.

३. भावाला माझी आरामखुर्ची. लहानपणी त्याने माझ्या भूगोलाच्या वहीच्या होड्या केल्या, ते प्रकरणही मी इथे मिटवते.

४. ज्यांनी भाच्याला चुन्याचे काम शिकवले त्या गवंडीमामांना माझा रेडिओ. लाभ मिळत असल्याने त्यांना साक्षीदार होता येत नाही. ते रुसले आहेत.

ठिकाण: याच घराची पुढची खोली. दिनांक: १२ फेब्रुवारी, सकाळी अकरा.

सही: मुख्याध्यापिका (निवृत्त)
साक्षीदार: १. डॉक्टर २. शेजारच्या शिवणवाल्या बाई

आज सोपवले: घराच्या सात किल्ल्या, भाच्याच्या हाती. पैकी पुढच्या दाराची त्याने तिथल्या तिथे परत केली. "ही तुझ्याकडेच राहू दे, आत्या. उत्तरेच्या भिंतीचं चुन्याचं काम अजून बाकी आहे. चुकलो तर बोलणार कोण?"

त्याला पोचल्या: सहा. माझ्याकडे: एक.