हॉस्पिटलची दारं

दादा,

तू गाढ झोपला होतास, म्हणून उठवलं नाही. मी नव्या घराकडे निघालेय. पाडलेल्या हॉस्पिटलमधून आणलेली दारं आज बसवायची आहेत. चहा थर्मासमध्ये आहे, पोळ्या डब्यात. पोळ्यांच्या आकाराबद्दल अवाक्षर काढायचं नाही.

काल डॉक्टर काय म्हणाले ते आपण दोघांनीही ऐकलं, आणि घरी येईपर्यंत टॅक्सीत रस्त्यातल्या खड्ड्यांवर बोलत बसलो. तोंडानं जमेना, म्हणून लिहितेय.

‘घराला कुणी हॉस्पिटलची दारं लावतं का?’ असं तू विचारलंस, तेव्हा लाकूड चांगलं आहे म्हणून मी वेळ मारून नेली. खरं म्हणजे ती मी रुंदीसाठी घेतली. मला तेव्हाच अंदाज आला होता. चौकटी आधीच बसल्यात, त्यांतून चाकांची खुर्ची आरामात जाते. मी स्वतः बसून पाहिलंय. सुतारकाका हसून हसून बेजार झाले. उंबरा कुठेच ठेवलेला नाही. जुन्या शाळेच्या फरशाही खरखरीत बाजू वर करून बसवल्या आहेत, चाकं घसरणार नाहीत. घर झकास होणार आहे, तू बघच.

फक्त स्वयंपाकाच्या ओट्याची उंची ठरायचीय. दुपारी टॅक्सी पाठवते. खुर्चीवर बसून तुझे हात कुठवर पोचतात ते मिस्त्रींना दाखव. रांधायचं तुलाच आहे. माझ्या हातचं खाऊन आपण दोघंही जगणार नाही.

— चिमणी