मेलेली कांडी

४ नोव्हेंबर
सकाळी सहाला पणदऱ्यात एक गाय भरवली, वीर्याची कांडी सोडून. पुढचा फोन थेट संध्याकाळी पाचला. मधला सगळा दिवस फाट्यावर. गाडीला कांड्या गोठवून ठेवायचा नायट्रोजनचा कॅन, हातात मोबाईल. कुठली गाय कधी माजावर येईल याचा नेम नाही, लांब कुठं जाता येत नाही. मोबाईलवर पैशांची रमी. हरलो. सुनीता म्हणते, "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी." बायकोच ती, म्हणणारच.

७ नोव्हें.
नायट्रोजन भरायला बारामतीला निघालो. जळोचीत चहाला टेकलो. एकच डाव म्हणून बसलो, भरायचे पैसे गेले. कॅन तसाच परत. आत उरलेल्या नायट्रोजनवर निघतील दोन-तीन दिवस.

१० नोव्हें.
सुमनकाकूचा फोन चारदा कापला, डाव रंगात होता. पाचव्यांदा उचलला. "आरं, सकाळधरनं वरडती हाय गाय! कुठं हायस?" गेलो. कॅन उघडला तर वाफच नाही. कोरडा ठाक. आतल्या वीर्याच्या कांड्या सगळ्या मेलेल्या. कळलं, आणि तरी तीच कांडी...
काका गेल्यापासून या एका गाईवर तिचं घर. तिनं पैसे दिले, वर पिठलं-भाकरी. "तुझ्या हाताला यश हाय बाबा." थू माझ्या जिंदगानीवर.

११ नोव्हें.
सकाळीच सांगितलं असतं तर दुसऱ्या कुणी येऊन भरवली असती. धीर झाला नाही. दुपारपर्यंत माज उतरला असणार. आता पुढचा माज एकवीस दिवसांनी.
सुनीताकडून पैसे घेऊन कॅन भरला, कांड्या नव्या.

१९ नोव्हें.
सकाळी रमी मोबाईलमधून काढली. दुपारभर एक फोन नाही. तीनला परत टाकली.

२५ नोव्हें.
काकू रस्त्यात भेटली. "निमगाव केतकीला दिलेल्या लेकीला सांगितलंय, गाय व्याली की खरवस खायाला ये." हसलो. काय करणार?

१ डिसें.
एकविसावा दिवस. रमी काल पुन्हा काढलीय. फाट्यावर बसून, मोबाईल समोर. अकराला वाजला. काकू.
"उलटली की रं गाय! परत माजावर आली. तुझा काय दोष, तिच्यातच खोट हाय. ह्या खेपंला गाभण न्हाय राह्यली तर बाजार दाखवती तिला. ये लवकर. पिठलं टाकती."
पैसे घ्यायचे नाहीत, एवढं ठरलं. गाईत खोट नाही हे सांगायचं, तर मग सगळंच सांगावं लागतंय. किक मारतो. बघू, तिच्या दारात तोंड उघडतंय का.